मार्थाची हाक

"बानूबाई," मार्था केसपेपरकडे बघत म्हणाली. भरलेल्या व्हरांड्यात कुणालाच ऐकू गेलं नाही.

शिरूरच्या मिशन दवाखान्यात ती आजवर मागच्या खोलीत बाटल्या धुवायची, कापसाचे बोळे वळायची. पेशंटना हाक मारणारी राहेल लग्न होऊन दौंडला गेली आणि ते काम मार्थावर आलं. इतकी तोंडं एकदम आपल्याकडे वळली, की ती मान खाली घालायची. रविवारी चर्चमध्येसुद्धा ती शेवटच्या बाकावर बसून, गाणी चालू असताना नुसते ओठ हलवायची.

"ए बानूबाई, तुला बोलावत्यात!" दाराशी बसलेली सरदारबी ओरडली. बाजारात बांगड्या विकणाऱ्या बाईचा आवाज तो. पायाची जखम भरत नव्हती, म्हणून ती पट्टीला यायची. "पोरी, तू मला सांग. मी वरडते."

पावसाळाभर असंच चाललं. मग एक दिवस सरदारबी दाराशी न बसता मागं भिंतीला टेकून बसली.

"इथं का नाही बसलात, मावशी?"

"वारं लागतंय तिथं."

तिला ऐकू जावं म्हणून मार्थाला आवाज चढवावा लागला. पुढं सरदारबी खांबाशी बसू लागली, मग पार पायरीवर. मार्थाला तिचा डाव कळला तेव्हा रागच आला. पण आवाज चढत गेला.

एकदा कारेगावच्या गेणबाला हाक मारताना ती अडखळली. सगळे हसले. मार्था आत पळाली आणि बाटल्यांच्या खोलीत तोंड लपवून रडली. आता उद्यापासून यायचंच नाही, असं तिनं ठरवून टाकलं. सरदारबी लंगडत मागोमाग आली.

"हसली माणसं. मग? मी पहिल्यांदा बाजारात बसले, तवा तोंडातनं शब्द निघंना. हसली मलाबी. हसून झाल्यावर बांगड्या घेतल्याच की."

"तुम्हाला भीती वाटायची?"

"अजून वाटती. टोपली उतरवताना वाटतं, परत घरी जावं. पर बसते."

मार्थानं डोळे पुसले आणि बाहेर येऊन गेणबाला पुन्हा हाक मारली. आवाज कापत होता, पण तो उठून आला.

थंडीत सरदारबी अंगणातल्या लिंबाखाली ऊन खात बसायची. मार्थाची हाक तिथवर पोचायची.

उन्हाळ्यात सरदारबी यायची बंद झाली. ती गेल्याचं कळलं त्या दिवशी मार्था एकटीच तिच्या घरी गेली. बायकांनी ओटा भरला होता. साऱ्या तिच्याकडे वळल्या. तरी ती उभी राहिली.

"मी मार्था. दवाखान्यातली. मावशींनी मला लोकांपुढं बोलायला शिकवलं, ते सांगायला आले."

मग ती थांबत थांबत सगळं सांगत गेली. सरदारबीची लेक मदिना ऐकत होती.

"अम्माला बाजारात भीती वाटायची?" तिनं विचारलं. "आमाला कवाच नाही बोलली."

"रोज वाटायची म्हणाल्या."

मांडीवरचं झोपलेलं मूल मदिनानं दुसऱ्या बाजूला घेतलं आणि चटईवर आपल्याशेजारी जागा केली.