मोटारीला लावलेली कणीक

कनेरगाव नाक्याचा जळबा मिस्त्री हातानं कमी अन् गळ्यानं जास्त काम करतो, असं लोक थट्टेनं म्हणत. हातात पाना आला की तोंडात अभंग आलाच. आसपास कुठंही कीर्तन असो, टाळकऱ्यांत जळबा उभा असायचाच. गळा असा दणदणीत, की मागच्या माणसाला बुवा दिसले नाहीत तरी जळबा ऐकू यायचा.

त्या सकाळी आठच्या सुमारास कीर्तनकार अमृतरावबुवांची जुनी काळी मोटार धापा टाकत आली अन् नेमकी त्याच्या दुकानापुढंच मेली. जळबा पाना टाकून धावत आला. चारच दिवसांमागं त्यानंच तिचा कारबोरेटर खोलून साफ केला होता.

आधी ग्यानबा उतरला. बुवांची गाडी हाकायचा तोच, अन् कीर्तनात मृदंग वाजवायचाही तोच.

"मिस्त्री, काय करून ठेवलं हे? पळताना बराबर पळती, अन् जरा हळू केली की मरती. वाशिमपासून धक्के मारून राहिलो मी!"

मागच्या सीटवरून बुवा हसले. सत्तरी उलटलेला देह. गुडघे असे गेलेले, की एसटीची पायरी काही चढवत नव्हती. "जळबा, कुरुंद्याला काल्याचं कीर्तन हाय रे. बाराला हंडी फोडायची. मी गेल्याबिगर काला न्हाई, अन् काल्याबिगर त्या गावात कुणी घास घेत न्हाई."

"पोचवतो, बुवा. तुमी बिनघोर बसा."

बोलला खरा, पण स्वतःच घोरात पडला. प्लग काढले, पुसले, परत लावले. पॉइंट घासला. पेचकसानं स्क्रू पिळून पाहिला. इंजिन सुरू व्हायचं, उसळायचं, खाली बसायचं अन् विझायचं. जळबाला भ्याव वाटलं की तो मोठ्यानं गायचा. आज तर रस्त्यापलीकडच्या हॉटेलातली माणसं चहा सोडून बघायला लागली.

ग्यानबा सावलीला बसून मृदंगासाठी कणीक मळत होता. डाव्या तोंडाला ओली कणीक थापल्याशिवाय मृदंग घुमत नाही. मळता मळता त्याचा हात थांबला.

"मिस्त्री, तोंड बंद कर."

"काहून? देवाचं नाव बी घेऊ न्हाई का?"

"घे की! मनात घे. तुझ्या गळ्यापुढं गाडी काय म्हणती तेच कळंना. आत कुणीतरी सुस्कारे टाकून राहिलंय."

जळबा गप झाला अन् एका हातानं रेस देत इंजिन चालतं ठेवलं. त्या दुकानात बहुधा पहिल्यांदाच इंजिन एकटं बोललं. अन् मग त्यालाही ऐकू आलं, सायकलच्या ट्यूबला बारीक भोक पडल्यासारखं, स्स्स.

"हवा वढून राहिली!" तो पुटपुटला. कुठंतरी फट होती. तिच्यातून नको ती हवा आत शिरून पेट्रोल पातळ होत होतं. भरधाव पळताना तेवढी हवा खपून जायची, पण इंजिन संथ झालं की तीच त्याचा जीव घ्यायची. पण फट कुठं? सुस्कारा तर चहूकडून आल्यासारखा वाटत होता.

ग्यानबानं कणकेचा गोळा पुढं केला. "मृदंगाला लावली की त्याचा आवाज फिरतो. हिचा कुठं फिरतो ते बघ."

जळबानं बारक्या नळीच्या जोडाला कणीक दाबली. फरक नाही. मोठ्या नळाच्या बुडाला लावली, बोट भाजलं. तिथंही नाही. मग कारबोरेटरच्या तळाशी मागच्या बाजूला, जिथं नजर पोचत नव्हती, तिथं चाचपून दाबली. सुस्कारा बंद! रेस सोडली तरी इंजिन ठेक्यावर आलं. कणीक काढली, परत लंगडलं. लावली, परत ठेका.

ग्यानबानं मांडीवर थाप मारली. जळबा मात्र मान खाली घालून बुवांपुढं गेला.

"बुवा, चूक माझी हाय. त्या दिशी कारबोरेटरखालचं कागदी पॅकिंग फाटलेलं दिसलं होतं मला. तसंच साबण लावून परत बसवलं. हिंगोलीला कीर्तन होतं, एसटी चुकंल म्हणून घाई केली."

बुवा म्हणाले, "म्हंजे कीर्तनकाराला वाटंत सोडून तूच कीर्तनाला पळाला व्हय रे?"

जळबाचे डोळे भरून आले. बुवांनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्या खांद्यावर ठेवला. "काप आता नवं. गाव वाट बघून राहिलं."

जळबानं जाड कागद कारबोरेटरच्या तळावर धरला, हातोडीनं कडा ठोकून नेमका आकार उठवला अन् नवं पॅकिंग बसवलं. साडेनऊला गाडी निघाली, तेव्हा तो ग्यानबाशेजारी बसला होता. कुरुंद्यापर्यंत त्यानं तोंडातून सूर काढला नाही, नुसता कान देऊन बसला.

"आता तरी गा की!" ग्यानबा चिडवायचा.

"गप. ती बोलून राहिली."

मांडवापुढं गाडी थांबली तेव्हा बाराला वीस मिनिटं होती. इंजिन संथ, पण जिवंत. ग्यानबानं घाईघाईत उरलेली तीच कणीक मृदंगाला थापली. तिच्यावर जळबाच्या बोटांचे काळे ठसे उमटले होते. बुवांनी टाळी दिली, मृदंग घुमला. जळबानं टाळ उचलले, क्षणभर नुसतं ऐकलं, अन् मगच तोंड उघडलं.