चालते मशीन

जयनगरात हयवदनरावांच्या घरी सात शिलाई मशिने होती, आणि परकराला नेफा घालायचा असला की त्यांची बायको अहल्या तो शेजारी क्षमाअक्कांच्या मशिनावर घालून आणत असे.

कारण साधे होते. हयवदनराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि रविवारी सकाळी सायकलने जुन्या बाजारात जात. कुणाच्या तरी परसात गंजत पडलेले मशीन कॅरिअरला बांधून आणत, त्याचे भाग सुटे करून रॉकेलमध्ये भिजवत, दात घासायच्या ब्रशने घासत, सोनेरी नक्षीवरून मऊ फडके फिरवत. यथावकाश मशीन चालू होई. मग घरातल्यांना बोलावून ते कोऱ्या कागदावर बिनधाग्याची सुई चालवून दाखवत. भोके सरळ रेषेत पडत. पुढच्या रविवारी दुसरे मशीन येई. त्याला कसला तरी भाग नसे. तो भाग चालू मशिनातून निघे.

"बाजारात कशाला शोधू? घरात आहे की," ते म्हणत.

त्यामुळे चालू मशीन बघायचे तर शनिवारी यावे लागे.

अहल्या मिरजेची. तिथल्या शिवणवर्गाची परीक्षा पास होऊन ती लग्नानंतर बेंगळुरात आली होती. सासरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या इथले. घरात मराठी बोलत, पण त्यातली निम्मी कानडी असे. अहल्येचे कानडी भाजीवाल्यापुरते होते. एकोणीसशे अठ्ठावन्न साली पलीकडच्या ब्लॉकातल्या महिला समाजाने शिवणवर्ग काढायचे ठरवले आणि शिकवायला बाई हवी असल्याचे क्षमाअक्कांनी तिला सांगितले. समाजाकडे मशीन नव्हते. शिकवणारीने आपले आणायचे, एवढीच अट होती. अहल्येने त्याच दिवशी सातांतले एक निवडले. ते हाताने फिरवायचे, काळे, होडीच्या आकाराचे शटल असलेले मशीन होते.

"हे माझं," ती नवऱ्याला म्हणाली. "याला तुम्ही हात लावायचा नाही."

"बरं."

"बरं नको. शब्द द्या."

"अगं, ते दगड झालंय दगड! त्याला कोण हात लावतंय?"

मशीन खरोखरच दगड झाले होते. आधीच्या मालकांच्या घरी दिवाळीच्या पहाटे माणसांबरोबर मशिनालाही अभ्यंग घालायची पद्धत होती. तेलाच्या प्रत्येक भोकात दर वर्षी एरंडेल. ते आत सुकून लाखेसारखे चिकटले होते. चाक जागचे हलत नव्हते. अहल्येने रॉकेल सोडले, थांबली, पुन्हा सोडले, सुईच्या टोकाने खरवडले. चाक करंगळीभर हलले आणि पुन्हा अडकले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, स्वयंपाकाला रॉकेल ठेव स्वल्प." सगळा पावसाळा तिने त्यात घालवला. नवरात्राच्या आधी चाक एका बोटाने फिरू लागले आणि कापडावर टाका बसला. वरून आणि खालून सारखा.

नवरात्रात इकडच्या रीतीप्रमाणे घरी बाहुल्यांची मांडणी होती. समाजाच्या सेक्रेटरी अनुसूयम्मा कुंकवाला येणार, असे क्षमाअक्कांनी सांगून ठेवले होते. "तुला क्लासबद्दल विचारतील. टेलरिंग येतं म्हणून नीट सांग."

अनुसूयम्मा आल्या. बाहुल्या पाहिल्या, भिंतीशी लावलेली मशिने पाहिली, उसळीची वाटी हातात घेतली. नैवेद्याला आज काय केले, हे सासूबाईंनी सांगितले. अहल्या 'टेलरिंग' किंवा 'क्लास' या शब्दांची वाट पाहत उभी होती. अनुसूयम्मांनी तिच्याकडे वळून हसून विचारले, "निमगे होलिगे बरुत्ता?"

'बरुत्ता' म्हणजे येते का, एवढे अहल्येला कळत होते. घरात पुरणपोळीला होळगी म्हणत. शेजारच्या कानडी घरात होळिगे. अहल्येला पुरणपोळी येत नव्हती, आणि येत असती तरी सासूबाईंच्या देखत 'येते' म्हणण्यासारखे तिचे वळण नव्हते.

"इल्ल, इल्ल," ती लाजून म्हणाली. "नम्म अत्ते माड्तारे." नाही येत; आमच्या सासूबाई करतात. पुढचे कानडीत जमेना म्हणून तिने हातांनी दाखवले, उचलताना माझी फाटते.

अनुसूयम्मांनी भिंतीकडे बोट केले. ही मशिने कुणाची?

"यजमानांची," अहल्या म्हणाली.

"सरी." बरं. एवढे म्हणून अनुसूयम्मांनी वाटी संपवली, कुंकू घेतले आणि त्या गेल्या. क्लासबद्दल एक अक्षर नाही. अहल्या दिवसभर बाहुल्यांपुढून उठली नाही. त्या विसरल्या असतील, परत येतील, असे तिला वाटत होते.

दसऱ्यानंतर क्षमाअक्का आल्या त्या दारातूनच ओरडत. "काय गं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? शिवण येत नाही म्हणून सांगितलंस?"

"मी? कुणाला?"

"अनुसूयम्मांना! सासूबाई शिवतात म्हणालीस. त्या विचारतात, साठीच्या बाईंना क्लासला कसं बोलवू?"

"त्यांनी पुरणपोळीचं विचारलं, अक्का. शिवणाचं नाही."

क्षमाअक्का म्हणाल्या, "होलिगे म्हणजे शिवण गं. पोळी ती होळिगे. ळ. शिवण होलिगे. ल."

आतून हयवदनराव हसू लागले. त्यांचे हसणे थांबेना. "फाटते म्हणालीस? आणि त्या काय म्हणाल्या? सरी?"

सासूबाईही पदर तोंडाला लावून हसत होत्या. अहल्या हसली नाही. सगळा पावसाळा तिने ज्यासाठी रॉकेलमध्ये हात घातले, ते तिने स्वतःच्या तोंडाने नाकारले होते, आणि ज्यांना दोन्ही शब्द लहानपणापासून येत होते ते घरात बसून हसत होते.

"तुम्ही तिथंच होता, आत्याबाई," ती सासूबाईंना म्हणाली. "ऐकत होता."

"मला वाटलं, तुला नको असेल," सासूबाई म्हणाल्या. "बाहेर जाऊन शिकवायचं म्हणजे."

क्षमाअक्कांनी मार्ग काढला. समाजाने एक बाई ठरवली होती, पण पक्के केले नव्हते. उद्या दुपारी कमिटी बसणार होती. "एक पोलका शिवून घेऊन ये. बोलू नकोस. नुसता दाखव."

अहल्येने कापड बेतले आणि मशीन काढले. पहिलीच शिवण घातली आणि उलटून पाहिली, तर खालच्या बाजूला दोऱ्याचे गुंतेच गुंते. सुई बदलली. गुंते. शटलमधला दोरा पुन्हा ओवला. तेच. मग तिने वरच्या दोऱ्याचा ताण पाहिला आणि तिला कळले. ताणाची स्प्रिंग आखूड झाली होती.

"अहो!"

हयवदनराव मोराच्या नक्षीच्या दुसऱ्या मशिनावर वाकले होते. "काय?"

"माझी स्प्रिंग कुणी काढली?"

"काढली नाही. म्हणजे काढली होती, परत लावली. याला बसते का बघत होतो. स्वल्प लांब होत होती, म्हणून एक वेढा कापला. तरी बसली नाही."

"कापली?"

"एकच वेढा."

"शब्द दिला होता तुम्ही."

"अगं, अनुसूयम्मा येऊन गेल्या ना! क्लासचं नावही काढलं नाही. मला वाटलं, आता मशिनाचं काय काम?"

अहल्येने हातातली कात्री खाली ठेवली. "सात आहेत तुमच्याकडे. सहांचं वाट्टेल ते करा. मी कधी विचारलं? एक मागितलं होतं."

"नवीन स्प्रिंग आणतो की. रविवारी."

"कमिटी उद्या आहे."

हयवदनराव उठले. त्यांना खरोखर वाईट वाटले होते, पण वाईट वाटले की ते अधिक नेटके होत. त्यांनी भिंग काढले, सगळ्या मशिनांच्या स्प्रिंगा काढून ओळीने मांडल्या आणि एकेक मापू लागले. एक जाड होती, एक गंजलेली, एकीचा घेर कमी. दिवेलागण झाली तरी मापणे संपले नव्हते. अहल्येने त्यांना तिथेच सोडले.

सकाळी ते कचेरीत गेल्यावर ती पुन्हा बसली. एक वेढा कमी म्हणजे स्प्रिंगमागे तेवढी जागा भरून काढायला हवी. तिने पुठ्ठ्याची चकती घातली. ती दबून गेली. चामड्याचा तुकडा घातला. तो तिरका बसला आणि दोरा तुटू लागला. सासूबाई देवघरात गेल्या आणि मूठ उघडून भोकाचा एक पैसा पुढे केला. नवे पैसे आल्यापासून ते जुने पैसे देवापुढच्या डबीतच राहिले होते. अहल्येने पैसा खिळीवर चढवला, वर स्प्रिंग, वर नट. एक चिंधी शिवली. गुंते कमी झाले. नट अर्धा फेरा आवळला. दोरा तुटला. पाव फेरा सैल केला. चौथ्या चिंधीवर टाका जाग्यावर आला.

पोलका दुपारी पुरा झाला. काजे करायला वेळ उरला नव्हता. त्याचा तिला फार राग आला, पण तसाच घडी घालून ती क्षमाअक्कांबरोबर निघाली.

समाजाच्या खोलीत कमिटीच्या तिघी होत्या आणि भिंतीशी नेमायच्या बाई. समोर चटईवर पाच-सहा मुली हातात सुया घेऊन धावदोरा घालत होत्या. अनुसूयम्मांनी पोलका घेतला, उलटा केला, खांद्याची शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहिली, काखेजवळची पाहिली, शेजारणीला दाखवली. मग कानडीत बराच वेळ बोलल्या. अहल्येला 'चन्नागिदे' एवढे कळले. छान आहे.

"काय म्हणतात?" तिने विचारले.

क्षमाअक्का सांगायला तयार होईनात. "म्हणतात, शिवण फार चांगली आहे. मशीन कुठलं, विचारतात."

"सांगा माझं आहे म्हणून."

"सांगितलं. त्या बाईंची भावजय मशीन द्यायला तयार नाही. म्हणून हे असं सुईदोऱ्यावर चाललंय." क्षमाअक्कांनी चटईवरच्या मुलींकडे पाहिले. "तर म्हणतात, तुझं मशीन इथं ठेवशील का. बाई आहेतच शिकवायला. त्यांना कानडी येतं. मुलींना समजायला हवं ना."

अहल्येने ऐकून घेतले. घरी तिच्या मशिनाचे भाग हवे होते; इथे पुरे मशीन हवे होते. तिला कुठेच कुणी मागत नव्हते.

"नाही म्हणा," ती म्हणाली.

"अगं, एकदम नाही कसं—"

"मीच म्हणते." ती अनुसूयम्मांकडे वळली. तिला जेवढे कानडी येत होते तेवढे तिने एकामागून एक ठेवले. मशीन येईल. नानू बरतीनि. मी येईन. एरडू. दोन्ही. मग शब्द संपले, आणि ती मराठीत म्हणाली, "त्यांना सांगा अक्का, ते मशीन दुसऱ्या कुणाच्या हातून चालणार नाही. नट अर्धा फेरा इकडेतिकडे झाला की गुंता. बाईंनी सांगावं, मी चालवून दाखवीन. मी मुकी आहे असं समजा."

क्षमाअक्कांनी ते कानडीत सांगितले. 'मुकी' आल्यावर चटईवरच्या मुली हसल्या. नेमायच्या बाई हसल्या नाहीत. त्या पोलक्याची काखेकडची शिवण पाहत होत्या. त्यांनी अनुसूयम्मांना हळूच काही विचारले. तिघी आपसांत बोलल्या. शिकवणारी म्हणून एकीलाच नेमता येईल, असे ठरले. अहल्या मदतनीस. मशीन इथे राहील, कपाटाला कुलूप लागेल, किल्ली अहल्येकडे.

तिला हवे होते ते हे नव्हते. तिने किल्ली घेतली.

दुसऱ्या दिवशी तिने टांग्यासारखा जटका बोलावला. हयवदनराव कचेरीतून आले तेव्हा गाडीवान मशीन उचलून ठेवत होता.

"कुठं निघालं हे?"

"समाजात."

"कायमचं?" ते चाकाकडे पाहत होते. "अगं, मोराच्या मशिनाला चाक घासतंय. याच्या चाकाचं माप घ्यायचं होतं मला. रविवारी आणशील का परत?"

"नाही." ती गाडीत चढून मशीनशेजारी बसली. "रविवारी तुम्ही तिकडे या. काय मापायचं ते तिथं मापा. स्क्रू-ड्रायव्हर घरी ठेवून यायचं."