वीरपत्नीचे दोन शब्द

पार्से गावच्या देवळाच्या मंडपात संध्याकाळी जर्मन सिनेमा लागला आणि रुक्मिणीकाकींना पहिल्या रांगेत बसवलं गेलं. लावणारा गौरेश पणजीच्या एका चित्रपट मंडळाचा सचिव. सिनेमा सैनिकांचा, म्हणून त्याला एक वीरपत्नी हवी होती. काकींचे यजमान शंभू लष्करात होते; गाडी दरीत कोसळून गेले.

सिनेमा महायुद्धानंतर काढलेला, विनोदी. खेड्यात सैनिकांची तुकडी मुक्कामाला येते, गावकरी डुकरं चर्चमध्ये लपवतात, सैनिक ती हुडकतात. गौरेश माईकवर मराठीत समजावत होता आणि प्रत्येक विनोदाआधी स्वतःच हसत होता. काकींना त्याचा वीट आला. सिनेमाचाही आला. ज्यांनी एवढं युद्ध जगावर लादलं, ते सगळे म्हणे असे भोळेभाबडे. अख्ख्या युद्धात मेलं कोण, तर एक डुक्कर.

सिनेमातल्या तुकडीतला जाडा हवालदार कोंबडी चोरताना सापडला, तेव्हा मात्र काकी सावरून बसल्या. एवढं एक तरी खरं दाखवलं होतं.

सिनेमा संपला. गौरेशने आवाज एकदम सुतकी केला. "आता काकी त्यागाबद्दल दोन शब्द सांगतील." मग माईकवर हात ठेवून कुजबुजला, "रडू आलं तरी चालेल हां, काकी."

काकींनी त्याच्याकडे झुरळाकडे पाहावं तसं पाहिलं.

"माझा घोव सुट्टीवर आला की शेजाऱ्यांचे कोंबे उचलायचा," त्या म्हणाल्या. "वर्दीला कोण विचारणार? मी मसाला वाटून द्यायचे. तो मेला आणि तुम्ही त्याचा देव केलात. मला कोणी विचारलं नाही."

मागून शेजारचा म्हातारा बाबली म्हणाला, "वयनी, एक कोंबो आमचो होतो."

"मग तेव्हा का बोलला नाहीस?"

"शंभूबरोबर मीच खाल्लो. घरात सांगितलं, कोल्ह्यान नेलो."

मंडप असा हसला, जसा सिनेमाला एकदाही हसला नव्हता. बाबलीची बायको तेवढी हसली नाही.

गौरेशने माईक काढून घेतला आणि आभार उरकले. सत्काराची शाल तो मुकाट्याने पिशवीत परत घालू लागला.

"ती इकडे दे," काकी म्हणाल्या. "बाहेर गार वारा सुटलाय."

शाल पांघरून त्या निघाल्या. नमस्कार काही त्यांनी केला नाही.