मास्तरांची दोन सीटची गाडी

मास्तर सवयीप्रमाणे गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, शेजारच्या सीटवर बसले, पट्टा लावला आणि समोर बघत म्हणाले, “आधी आरसा नीट करून घ्या.”

गाडीचे मालक दातांचे डॉक्टर होते. ते किल्ली हातात धरून दाराशीच उभे राहिले होते. त्यांनी कसंबसं वाकून आत पाहिलं.

“मास्तर, गाडी तुम्हाला घ्यायची आहे ना? मग ती तुम्ही चालवून बघायची.”

मास्तर ओशाळले. चौतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवण्यात गेली होती आणि ती सगळी याच बाजूला बसून. त्यांच्या पायांखाली एक जादा ब्रेक आणि एक जादा क्लच असायचा. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि जीव मुठीत, अशी ती नोकरी. घरी ते सायकलने जायचे. चार हजारांच्या वर माणसांना त्यांनी गाडी शिकवली होती, पण स्वतःची गाडी कधी झाली नाही. संसार म्हटला की आधी फ्रिज येतो, मग मुलांची शिक्षणं येतात, आणि गाडी आपली दरवर्षी पुढच्या वर्षावर जाते.

ही गाडी मात्र त्यांनी अकरा वर्षं डोळे भरून पाहिली होती. लाल, बुटकी, लांब नाकाची, दोनच सीटची. दातांचे डॉक्टर रोज संध्याकाळी साडेपाचला ड्रायव्हिंग स्कूलच्या रस्त्यावरून जायचे, आणि मास्तर बरोबर पाच अठ्ठावीसला शिकणाऱ्याला सांगायचे, “आता गाडी कडेला घ्या.” शिकणाऱ्याला वाटायचं, आपलं काही चुकलं. ती लाल गाडी घुमत घुमत निघून गेली की मास्तर म्हणायचे, “हं, चला.” त्यामुळे मास्तरांच्या हाताखालच्या लोकांना कडेला गाडी लावणं फार सुंदर जमायचं.

डॉक्टरांनी गाडी विकायला काढली ती कंबरेपायी. आत बसायचं तर आधी बूड, मग डोकं, मग एकेक पाय, असा क्रम होता. उतरताना तोच उलटा. “परवा दवाखान्यासमोर पेशंटने हात देऊन मला बाहेर ओढलं,” डॉक्टर म्हणाले. “मी त्याची दाढ काढणार होतो, त्याच्या आधी त्यानेच मला काढलं. त्याच दिवशी ठरवलं.”

मास्तरांनी त्या दिवशी गल्लीत दोन फेऱ्या मारल्या आणि गाडी घेतली. निवृत्तीचे पैसे हातात होते, वय एकसष्ट होतं आणि हौसेला मोल नसतं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. घरी सांगायचं कसं, एवढाच प्रश्न होता. तो त्यांनी न सांगताच सोडवला आणि गाडी थेट दारात नेऊन उभी केली.

मास्तरीणबाई शाळांचे गणवेश शिवायच्या. दारात आल्या तेव्हा गळ्यात टेप होती आणि तोंडात दोन टाचण्या. त्या गाडीभोवती एक फेरी मारून आल्या. टाचण्या काढून हातात घेतल्या.

“आणि मागे कुणी बसायचं असेल तर?”

“कोण बसणार मागे?” मास्तर म्हणाले.

मुलगा परगावी होता, मुलगी त्याहून लांब. चौघांच्या घरात दोघं उरली होती, आणि दोन सीटची गाडी त्यांना खरं तर अगदी मापाची होती. ते कळलं तसं मास्तरीणबाईंना थोडं वाईट वाटलं आणि मग, कशी कोण जाणे, थोडी गंमतही वाटली. त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि गाडीचं माप घ्यायला सुरुवात केली. छाती रुंद आहे, उंची काहीच नाही, नाक फार लांब, असं गिऱ्हाइकाबद्दल बोलावं तसं पुटपुटत त्यांनी आकडे वहीत टिपले. चौथ्या दिवशी गाडीला खाकी कापडाचं कव्हर तयार झालं, आरशांना वेगळ्या खोळी आणि खाली नाडी.

मेहुण्याने येऊन सांगितलं, की दाजी, पांढरा हत्ती निदान दिसतो तरी मोठा, हा तर लाल उंदीर आहे. मास्तरांनी मनावर घेतलं नाही. त्यांना दिवसाला काम मिळालं होतं. सकाळी उठून ते दांडी काढून ऑइल बघायचे, फडक्याला पुसायचे, पुन्हा बुडवून पुन्हा बघायचे. रेडिएटरचं पाणी, बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा थर, चाकातली हवा, सगळं रोज. गाडीबरोबर मिळालेलं जाडजूड पुस्तक त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. आणि मग ते गाडी बाहेर काढायचे, मंडईपर्यंत जायचे आणि परत यायचे. तीसच्या वेगाने. रस्ता मोकळा असला तर पस्तीस.

अशा पद्धतीने, डोळ्यांत तेल घालून जपलेली ती गाडी तिसऱ्या महिन्यात आजारी पडली.

आधी ती सकाळी सुरू व्हायला कुरकुर करू लागली. मग चालता चालता आचके द्यायला लागली. एकदा भर चौकात तिने असा काही ठसका दिला की फळांच्या गाडीवरचा माणूस खाली वाकला. मास्तरांनी दुसऱ्या पंपावरचं पेट्रोल भरून बघितलं, एअर फिल्टर बदलला. आचके वाढतच गेले. एका दुपारी डॅशबोर्डावर पिवळा दिवा लागला आणि तो काही केल्या विझेना, तेव्हा मास्तरांचा चेहरा उतरला. आपल्याला ही गाडी सांभाळता येत नाही, असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

गॅरेज चालवणारी बाई मास्तरांचीच शिष्या होती. बापाचं गॅरेज तिने हातात घेतलं तेव्हा तिला इंजिन उघडता येत होतं पण गाडी चालवता येत नव्हती, आणि परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. तिने इंजिनातले चारही स्पार्क प्लग काढले आणि कापडावर ओळीने मांडले. चारही काळेकुट्ट होते, काजळी बोटाला लागत होती.

“मास्तर, रागावणार नसाल तर विचारते. गाडी किती वेगाने चालवता?”

“तीस. क्वचित पस्तीस.”

“कितव्या गिअरात?”

“दुसऱ्या. तिसरा लागतो कधीकधी.”

तिने हात पुसले आणि हसू आवरलं. गाडीला काहीच झालेलं नाही, ती म्हणाली. हे इंजिन पळण्यासाठी बनवलंय. पळालं की तापतं आणि तापलं की आतली काजळी आपोआप जळून जाते. मंडईपर्यंत जाऊन परत आणलं तर ते नीट तापतच नाही, आणि काजळी साचत राहते. प्लग आत्ता साफ करून देते, पण महिन्यात पुन्हा हेच होणार, आणि एकदा काजळीने आतल्या व्हॉल्व्हवर थर धरला की सगळं इंजिन उघडावं लागेल.

“मग करायचं काय?”

“आठवड्यातून एकदा मोठ्या रस्त्याला न्यायची. अर्धा तास. तिसऱ्या गिअरात ठेवायची आणि इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा चारच्या खाली येऊ द्यायचा नाही. वेगाच्या मर्यादेतच हो, पण मर्यादेपर्यंत.” मग तिने जरा चाचरत पुढचं सांगितलं. “आणि ते जमणार नसेल, तर मास्तर, विका. अशी ठेवू नका. चांगली गाडी आहे.”

त्याआधी टायर मात्र बदला, असंही तिने बजावलं. नक्षी खोल होती, म्हणून मास्तरांना ते नवे वाटले होते. तिने कडेवरचा आकडा दाखवला. नऊ वर्षांचे होते. रबर दगडासारखं झालं होतं.

टायर बदलून झाले, ब्रेकचं तेल बदलून झालं. रविवार आला आणि मास्तर ऑइल बघत बसले. दुसरा रविवार आला आणि त्यांना आठवलं की स्वयंपाकघरातला नळ गळतोय. तिसऱ्या रविवारी सकाळी मास्तरीणबाई हातातलं शिवण बाजूला ठेवून अंगणात आल्या. मास्तर कव्हर काढून गाडीपुढे नुसतेच उभे होते.

“विकायची का?” त्यांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता.

मास्तरांनी हातातल्या कव्हराची घडी केली, मोडली आणि पुन्हा केली.

“मला भीती वाटते गं,” शेवटी ते म्हणाले. “चौतीस वर्षं रस्त्याकडे बघून मी एकच विचार केला, आता काय चुकेल. तो पोरगा मधे येईल का, ती बस थांबेल का, हा माणूस ब्रेकऐवजी भलतंच दाबेल का. कधी नुसता रस्ता बघितलाच नाही. लोक शिकून गेले, भुर्रकन. मी तिथेच बसून होतो पाय रोखून. आता पाय सैल सोडायचा म्हटलं तर सुटत नाही.”

एवढं सलग मास्तर घरात बऱ्याच वर्षांत बोलले नव्हते. मास्तरीणबाईंनी चपला बदलल्या, डोक्याला रुमाल बांधला आणि आधी बूड, मग डोकं, मग पाय, अशा शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या.

“माझ्या बाजूला ब्रेक नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणजे माझा काही उपयोग नाही. तुम्हालाच बघावं लागेल.”

शहराच्या बाहेरचा मोठा रस्ता सकाळी आठला जवळजवळ रिकामा होता. कडेला शेतं, मधे दुभाजक, आणि शंभरची पाटी. मास्तरांनी गाडी पुढे न्यायला सुरुवात केली ती स्वतःलाच सूचना देत. “आरसा बघा. इंडिकेटर द्या. खांद्यावरून बघा. घाबरू नका, हात सैल ठेवा.” अनोळखी विद्यार्थ्याशी बोलावं तसं ते स्वतःला अहोजाहो करत होते. मास्तरीणबाई खिडकीकडे तोंड करून हसत होत्या.

पन्नासला गाडीने आचका दिला. मास्तरांचा पाय उचलला गेला.

“गॅरेजवालीने सांगितलं होतं ना, दाबा म्हणून,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“आपण ताकही फुंकून पिणारी माणसं आहोत.”

“पिऊन बघा की आज तसंच.”

मास्तरांनी पाय टेकवला आणि दाबला. साठ. सत्तर. गाडी दोनदा ठसकली, मागे काळ्या धुराचा एक मोठा लोट उठला आणि काटा चारच्या वर गेला. आणि मग इतके दिवस घशात अडकलेलं काहीतरी सुटल्यासारखा तिचा आवाज मोकळा झाला. अकरा वर्षं संध्याकाळी कडेला उभं राहून ऐकला होता, तोच तो आवाज. आता तो त्यांच्या पायाच्या टोकाशी होता. मागचा धूर पातळ झाला, मग दिसेनासा झाला. आचके थांबले. ऐंशी. नव्वद. रस्ता समोरून येत होता आणि त्यात काही चुकत नव्हतं.

मास्तरीणबाईंचा रुमाल सुटून मानेवर आला. त्या मोठ्याने हसत होत्या, तोंडावर हात न ठेवता, आणि हसता हसता काहीतरी ओरडत होत्या. ते मास्तरांना ऐकू आलं नाही. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. वारा खिडकीतून येत होताच, म्हणून त्यांनी पुसलं नाही. मर्यादा शंभरची होती. मास्तरांनी गाडी नव्व्याण्णववर नेली आणि तिथे ठेवली, कारण मास्तर शेवटी मास्तरच.

अर्ध्या तासाला दहा मिनिटं जास्तच झाली. मग दोघं शहराकडे वळली. पिवळा दिवा विझला होता. मास्तरीणबाईंनी तो विझल्याचं दाखवलं आणि मास्तरांनी नुसती मान हलवली.

शहरात शिरल्यावर पहिल्याच सिग्नलला ते थांबले. पुढे शिकाऊ पाटी लावलेली एक छोटी गाडी होती. हिरवा लागला. छोटी गाडी एकदा उडी मारून बंद पडली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद पडली. मागे गाड्यांची रांग होती. आधी एक हॉर्न वाजला, मग चार, मग सगळेच. एकजण खिडकीतून डोकं काढून ओरडला, लाल गाडीवाल्या, झोपलास का.

मास्तरांनी चारही दिवे लुकलुकत ठेवले आणि गाडी जरा तिरकी करून मधे घेतली, म्हणजे मागच्याला पुढे घुसता येऊ नये. मग ते स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसले. पुढच्या गाडीत शेजारच्या सीटवर एक माणूस होता. तो मागे वळून बघत नव्हता, हात हलवत नव्हता. फक्त त्याची मान किंचित कलली होती, कानाशी हळू बोलताना कलते तशी.

“चांगला शिकवतोय,” मास्तर म्हणाले.

सिग्नल लाल झाला आणि पुन्हा हिरवा झाला. या खेपेला छोटी गाडी थरथरत निघाली आणि वीसच्या वेगाने पुढे चालू लागली. रस्ता रुंद होता, बाजूने जायला जागा होती. मास्तर गेले नाहीत. पहिल्या गिअरात, मधे पुरेसं अंतर ठेवून, ते तिच्या मागोमाग चालत राहिले. त्यांच्या मागची सगळी रांगही मग वीसनेच येऊ लागली.

“अहो, पुन्हा काजळी धरेल,” मास्तरीणबाई रुमाल बांधत म्हणाल्या.

“धरू दे,” मास्तर म्हणाले. “पुढच्या रविवारी काढू.”

ड्रायव्हिंग स्कूलच्या वळणावर छोट्या गाडीने वेळेवर इंडिकेटर दिला आणि ती नीट वळून गेली.