गेलेल्यांचं पत्र

दुपारचा चहा झाला आणि थोरल्याने ती वही पुन्हा सगळ्यांपुढे ठेवली. औषधाच्या पुड्या देणाऱ्या वैदूला आलेली आभारपत्रं तिच्यात चिकटवली होती.

"बेचाळीस पत्रं आहेत. बेचाळीस माणसं खोटं बोलतील?"

थोरला शाळेचा मुख्याध्यापक. उलट उत्तराची त्याला सवय नव्हती. आई आतल्या खोलीत ब्लाउजची काजं करत होती. तिच्या छातीतली गाठ कर्करोगाची आहे, हे तिच्याखेरीज सगळ्या घराला ठाऊक होतं. 'हाय खाईल बिचारी' म्हणून तीन महिने तिला पित्ताच्या म्हणून त्या वैदूच्या पुड्या दिल्या जात होत्या. रोग्यापासूनच रोग लपवायचा आणि त्याला माया म्हणायचं! ही रीत किती घरांत असेल, देव जाणे.

धाकटी सून इस्पितळात नोंदी ठेवायची. आठवडाभर वही तिच्याकडेच होती.

"दादा, ही सगळी पत्रं पुड्या सुरू केल्यावर पहिल्या महिन्यातली आहेत. मी आमच्या नोंदी पाहिल्या. नावं सांगता येत नाहीत, आकडा सांगते. यातली एकोणीस माणसं वर्षाच्या आत गेली."

"आणि डॉक्टरांनी दिलेला तो उपचारांच्या आकड्यांचा कागद? त्यात तर मेलेल्यांचाच पाढा!"

"म्हणूनच त्याच्यावर भरवसा ठेवायचा. त्यांनी वाचलेल्या बायकाही मोजल्यात, गेलेल्याही. तुमच्या वहीत गेलेल्यांचं पत्र कोण लिहिणार?"

"हळू बोल. आई ऐकेल."

"ऐकू देत. दमले मी आता. तीन महिने त्यांच्या डोळ्यांत बघायची चोरी झालीय."

ती उठली, आत गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. आईने सुई कापडात खोचून ठेवली.

"माप माझं," ती बाहेर येऊन थोरल्याला म्हणाली, "आणि कापड मला न विचारता कापलंत होय रे?"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं. गाठ काखेपर्यंत पोचली होती. तीन महिन्यांपूर्वी सोपं होतं, आता खात्री देता येत नाही, असं त्या म्हणाल्या. सवयीने थोरला शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करायला पुढे झाला. आईने त्याच्या हातातून पेन काढून घेतलं आणि सावकाश आपली सही केली.

मग ती सुनेकडे वळली.

"मी वाचले तरी मोज, गेले तरी मोज. आणि गेलेच, तर त्या वहीत माझंही पत्र लाव. तारखेसकट."