चाकावरचा चेंडू

डोळे मीट आणि मनाशी एक गाडी उभी कर. लाल, बुटकी, दोनच माणसांची, तुझ्या आजोबांच्या तरुणपणातली स्पोर्ट्स कार. आत बसलं की हात बाहेर काढून जमिनीला लावता येईल, इतकी खाली. आता स्टिअरिंग हातात घे. समोर डावं वळण आहे. फिरव. काय झालं? काहीच नाही. गाडी आपली नाकासमोर चालली आहे. अजून थोडं फिरवावं म्हणेपर्यंत ती दचकून जागी झाल्यासारखी वळते, आणि हवी त्याहून जास्तच वळते. भीती वाटली ना?

भिंगरीलाही वाटली होती. ती तेव्हा आईच्या शेजारी बसली होती. गाडी रस्ता सोडून गवतात शिरली आणि थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण भिंगरी दार उघडून खाली उतरली आणि म्हणाली, "मी चालत येते."

एवढंच म्हणाली. त्यानंतर ती त्या गाडीत बसली नाही, आणि आई त्यानंतर मनापासून हसली नाही.

ही गाडी आईची. तरुणपणी याच गाडीतून तिने डोंगरवाटेवरच्या शर्यती जिंकल्या होत्या. पुढे गाडी म्हातारी झाली. जुन्या गाड्या रस्त्यावर चालवायच्या तर त्यांची परीक्षा द्यावी लागते, तशी हिलाही होती. मैदानात शंकू मांडलेले असतात, त्यांच्यामधून नागमोडी जायचं. पहिल्या खेपेला स्टिअरिंग सैल आहे म्हणून गाडी नापास झाली. मग भिंगरीच्या मामाने ती आपल्या गॅरेजात नेली आणि हौसेने पुढचं सगळं नवं घातलं. टायर नवे, स्टिअरिंगचे सांधे नवे, चाकं धरून ठेवणाऱ्या दांड्यांच्या बुडातली रबरं नवी. या रबरांना बुश म्हणतात. स्टिअरिंगची ढिलाई गेली, पण वळणावर गाडी आधीपेक्षा वाईट वागू लागली. दुसऱ्या परीक्षेला जातानाच ते गवताचं झालं, आणि त्या परीक्षेतही गाडी शंकू उडवत गेली.

आज तिसरी खेप होती, आणि शेवटची. संध्याकाळी मैदान बंद होण्याआधी गाडी पास झाली नाही, तर ती कायमची रस्त्याबाहेर. मग तिला भंगारवाल्याकडे चेपायलाच पाठवायचं.

दुपार कलली होती. चाकांवर उभ्या गाडीखालून मामा सरपटत बाहेर आला आणि पालथ्या बादलीवर बसला. त्याच्या कपाळावर काळं ग्रीस होतं.

"काही सापडत नाही गं ताई. सगळं घट्ट आहे. एकेक बोल्ट मी माझ्या हाताने आवळलाय."

"राहू दे बाळ्या," आई म्हणाली. मामा चांगला दाराएवढा उंच होता, पण आईसाठी तो बाळ्याच. "टायर नवे, सांधे नवे, रबरं नवी. या गाडीत जुनी वस्तू एकच उरली आहे. मी."

"काहीतरीच काय बोलतेस!"

"खोटं आहे का? माझे हात गेले रे. उशिरा फिरतात, आणि मग घाबरून जास्त फिरतात. तुला नाही कळलं, पण माझ्या पोरीला कळलं. शेजारी बसत नाही ती माझ्या." आईने दोन्ही तळवे समोर धरून पाहिले, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत. "नकोच परीक्षा. नकोच गाडी. आजपासून स्टिअरिंगला हात लावायचा नाही मी."

भिंगरी पुढच्या चाकापाशीच उभी होती. तिने सगळं ऐकलं. तिला ओरडून सांगायचं होतं की मी तुझ्या हातांना नाही घाबरले, पण ते पूर्ण खरं नव्हतं. तिलाही वाटलं होतं, आईचंच चुकलं. बोलता येत नसलं की माणूस हाताने काहीतरी करत राहतो. भिंगरीच्या हातात तिचा रबरी चेंडू होता. तिने तो टायर आणि वरचा पत्रा यांच्यामधल्या फटीत ठेवला. ती लहान होती तेव्हापासून ही तिच्या चेंडूची जागा होती. तिथे तो छान अडकून बसायचा.

चेंडू खाली पडला. तिने पुन्हा ठेवला. पुन्हा पडला, आणि घरंगळत मामाच्या पायाशी गेला.

"भिंगरे, खेळायला हीच वेळ सापडली का तुला?"

"मी नाही खेळत. तोच राहत नाहीये."

"कोण?"

"चेंडू. आधी अडकायचा. आता फट मोठी झालीये."

"टायर नवे घातलेत ना आपण, म्हणून..." मामा बोलता बोलता थांबला. नवा टायर झिजलेल्यापेक्षा जाड असतो. फट लहान व्हायला हवी. त्याने उठून फटीत हात घातला. मग दुसऱ्या बाजूच्या चाकापाशी जाऊन घातला. तिथे फट आणखी वेगळी होती.

"स्प्रिंगा बदलल्यास?" आईने विचारलं.

"हात नाही लावला."

"मग ही चवड्यांवर का उभी आहे?"

मामाने कपाळावर हात मारला, ग्रीस आणखी पसरलं. "गाढव आहे मी. रबरं घालताना जॅकवर उचलली होती गं! चाकं लोंबत होती आणि मी तसेच बोल्ट आवळले."

आता जरा थांब, आणि घरातला एक टॉवेल घे. एक टोक दाराच्या कडीला बांध, दुसरं हातात धर. नुसता धरलास तर टॉवेल गप्प राहतो. त्याला पीळ दे आणि तसाच धरून ठेव. बघ, तुझा हात उलटा फिरवायला बघतो की नाही? बुशचं तसंच असतं. बोल्ट आवळताना दांडी जिथे असते, ती जागा रबर आपलं घर मानतं. मामाने ते घर चाकं लोंबत असताना ठरवून टाकलं. गाडी जमिनीवर उतरली, चाकं वर सरकली आणि रबराला पीळ बसला. तेव्हापासून ते गाडीला वर रेटत होतं, तेही दोन्ही बाजूंना सारखं नाही. वळणावर चाकांनी स्प्रिंगचं ऐकायचं की रबराचं? या भांडणात गाडी आधी अडायची, मग उसळायची.

गॅरेजात खाली उभं राहून काम करायचा एक खड्डा होता. तिघांनी मिळून गाडी त्याच्यावर ढकलली. इथे ती आपल्या चाकांवरच उभी ठेवून खालून बोल्ट आवळता येणार होते. मामा खड्ड्यात उतरला.

"ताई, सीटवर बस."

"मी नाही बसणार."

"चालवायला कोण सांगतंय? पोतं म्हणून बस. चालवणाऱ्याचं वजन लागतं आत."

"सख्ख्या बहिणीला पोतं म्हणतोस?"

"चांगलं भरलेलं."

आई बसली. पण हात मांडीवर, स्टिअरिंगपासून लांब. खालून बोल्ट सैल झाल्याचे आवाज आले, कट्ट, कट्ट, आणि गाडी हलकेच खाली बसली. दम रोखून धरलेल्या माणसाने तो सोडावा तशी. मामाने बोल्ट पुन्हा आवळले. मग गाडीच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या ताणून चाकं सरळ रेषेत आणली. तोवर दारातलं ऊन सरकत पार भिंतीवर गेलं होतं.

"झालं," मामा वर येत म्हणाला. "आधी मागच्या मोकळ्या मैदानात सावकाश एक फेरी मार. बरी वाटली, तरच परीक्षेला."

"तूच मार."

"परीक्षेत मालकानेच चालवायची असते, माहीत आहे ना तुला? चूक माझ्या हातांची होती ताई, तुझ्या नाही."

"मागेही तू 'झालं' म्हणाला होतास, बाळ्या."

मामाने हातातला पाना खाली ठेवला. आईने उतरण्यासाठी दाराच्या कडीला हात घातला.

भिंगरीने चेंडू पुन्हा फटीत ठेवला आणि हात काढून घेतला. चेंडू राहिला. ती दुसऱ्या बाजूच्या चाकापाशी गेली आणि तिथेही ठेवून पाहिला. राहिला. मग तो काढून तिने काखेत धरला, आईच्या शेजारचं दार उघडलं, त्या खोल सीटवर नेहमीसारखी धप्पकन बसली, आणि पट्टा ओढून खट्कन लावला.