व्होल्युसियाबाईंचा फुलांचा वाडगा

थालूसा, माझी धाकटी बहीण, भर दुपारी आमच्या काचभट्टीवर आली. तिनं अंगावरच्या वस्त्राखालून गाठोडं काढलं आणि माझ्या घासायच्या चाकापाशी ठेवलं. आत तिच्या मालकिणीचा, व्होल्युसियाबाईंचा, वाडगा होता. जांभळ्या काचेत पिवळी फुलं, आणि त्याचे तीन तुकडे.

"पुसताना निसटला गं ताई. बाई परवा परत येतायत."

"कुणी पाहिलं?"

"कुणीच नाही. त्या आरसा फोडणाऱ्या पोरीला गिरणीत विकलं, आठवतंय ना?"

आठवत होतं. जातं ओढायला गेलेली ती पोर वर्षभरही जगली नव्हती. मला मालकानं कधीच मुक्त केलं होतं. थालूसा अजून गुलाम होती.

माझा नवरा हर्मास भट्टी सांभाळायचा. तुकडे बघून तो म्हणाला, "फोडायला पितळेचं काही मिळालं नाही का मेव्हणीबाईंना?" बोलता बोलता त्यानं साचा काढला.

तसला नवा वाडगा करायला महिना लागला असता. आम्ही तुकडे साच्यावर जुळवले. काठाशी एक कपचा कमी होता, तो कुठे सापडेना. तसेच भट्टीत सरकवले. काच मऊ झाली की कडा एकमेकींना धरतात. जरा जास्त तापली की फुलं वाहून जातात. हर्मासनं वेळेवर आग बाहेर ओढली आणि भट्टीचं तोंड मातीनं लिंपलं. आता उद्या दुपारपर्यंत उघडायचं नव्हतं. आधी उघडलं असतं, तर वारा लागून वाडगा पुन्हा तडकला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्होल्युसियाबाईंच्या घरचा कारभारी ओनेसिमस दारात उभा.

"वाडगा कुठाय?"

"काठ घासायला आणलाय," मी म्हणाले. "थालूसानंच आणला."

"दाखव."

"भट्टीत आहे."

"घासायचा वाडगा भट्टीत?"

हर्मास भट्टीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. ओनेसिमसनं लिंपलेल्या मातीकडे पाहिलं. मग त्यानं कमरेची थैली सोडली आणि माझ्या तळहातावर जांभळा कपचा ठेवला.

"मेजाखाली होता. लागेल का?"

तोही गुलामच होता, हे भीतीपायी मी विसरले होते.

"आता उशीर झाला, काका. काठच घासून उतरवावा लागेल."

दुपारी भट्टी उघडली. वाडगा अखंड होता, फक्त दोन फुलं लांबट झाली होती. खाच जाईपर्यंत मी सगळा काठ जवाएवढा घासून उतरवला. चाक हर्मासनं फिरवलं.

बाई परतल्यावरचं ओनेसिमसकाकांनी सांगितलं. बाईंनी वाडगा हातात फिरवला, त्या लांबट फुलांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हा लहान झाला का रे?"

"काठ घासून घेतला, बाई. खरखरीत लागत होता."

थालूसा भिंतीपाशी उभी होती.

"पुढच्या वेळी मला विचारून," बाई म्हणाल्या आणि त्यांनी अंजिरं मागवली. थालूसानं ती त्याच वाडग्यात आणून दिली.